परवानगीशिवाय

“मॅडम, हा माल अजून जित्ता हाय,” यमुनाताई म्हणाली आणि ढिगाऱ्यातून उचललेलं कोळशाचं एक ढेकूळ तिनं माझ्या तळहातावर ठेवलं.

वरून ते गार होतं. मी अंगठ्यानं दाबून फोडलं तेव्हा आतून ऊब लागली. फार नाही. चुलीवरून उतरवून बराच वेळ झालेल्या भांड्याइतकी.

“होईल गार,” मी म्हणाले. “आभाळ बघताय ना?”

तिनं आभाळाकडे बघितलं नाही. हात पदराला पुसत ती नुसती उभी राहिली. तिच्यामागे पंधरा-सोळा बाया टोपली घेऊन थांबल्या होत्या आणि मी काय सांगते याची वाट बघत होत्या.

एप्रिलमधला बुधवार होता तो. दुपारचे चार वाजले असतील. याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि पांढरकवड्याच्या पलीकडे हिवरधरा नावाच्या गावात आमच्या कंपनीचा प्रकल्प सांभाळत होते.

काम सांगायला सोपं होतं. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात. लोक त्या उपटून बांधावर पेटवून देतात. मार्च-एप्रिलमध्ये त्या भागात सगळीकडे धुराच्या रेघा दिसतात. आम्ही त्या पऱ्हाट्या विकत घ्यायचो आणि लोखंडी भट्ट्यांमध्ये, हवा कमी ठेवून, त्यांचा कोळसा करायचो. हा कोळसा जाळायचा नाही. शेणकाल्यात भिजवून तो शेतात पुरायचा. झाडानं हवेतून ओढून घेतलेला कार्बन मग शेकडो वर्षं मातीत पडून राहतो, परत हवेत जात नाही. असा जितका कार्बन पुरला जाईल तितकी प्रमाणपत्रं मिळायची आणि ती परदेशातल्या मोठ्या कंपन्या विकत घ्यायच्या. जमीन सुधारायची, बायांना उन्हाळ्यात गावातच काम मिळायचं, हवा थोडी हलकी व्हायची. या कामावर माझा मनापासून विश्वास होता. आजही आहे, आणि तीच माझी अडचण आहे.

आधीच्या वर्षी आमच्या सहा भट्ट्या होत्या. त्या वर्षी चाळीस झाल्या. एका परदेशी कंपनीनं एकदम मोठी मागणी नोंदवायची तयारी दाखवली होती. त्याआधी त्यांच्या वतीनं एक तपासनीस येऊन माल बघणार होता, वह्या बघणार होता. त्यानं होकार दिला की पुढच्या हंगामात बावीस गावांत भट्ट्या लागणार होत्या. तो गुरुवारी दुपारी बाराला येणार होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी.

नियम असा होता की भट्टीतून काढलेला कोळसा पाण्यानं विझवायचा, मग उघड्यावर पातळ पसरून तीन दिवस ठेवायचा, वरखाली करत राहायचा. नंतरच गोदामात घ्यायचा, आणि गोदामाची दोन्ही शटरं उघडी ठेवायची. ताजा कोळसा वरून विझलेला दिसतो, पण आत धुमसत राहू शकतो. बंद जागेत तो हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो आणि विषारी वायू सोडतो. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. हा नियम मीच लिहिला होता. मराठीत, मोठ्या अक्षरांत, भिंतीवर.

पण त्या आठवड्यात पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता. माल अर्धवटच विझला होता, त्यातला बराचसा मंगळवारी काढलेला होता. आणि आता पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन येत होतं, म्हणून पसरलेला माल आम्ही ओढून ढीग केला होता. उघड्यावरचा माल भिजला असता तर ओलाव्याच्या तपासणीत सगळाच्या सगळा बाद झाला असता.

मी निनाद सरांना फोन केला. निनाद करंदीकर कंपनीचे मालक होते, पुण्याला असायचे. चाळिशीतला, भला माणूस. चांगली नोकरी सोडून यात पडला होता, राहतं घरही त्यानं यात घातलं होतं.

“आत घे ना मग,” ते म्हणाले.

“सर, तीन दिवस झालेले नाहीत. एकच झालाय.”

“तापमान किती दाखवतंय?”

“बघते.”

“बघ आणि ठरव. तुझ्यावर सोडतो.” थोडं थांबून ते म्हणाले, “गौतमी, उद्या त्याला ओला माल दाखवला तर आपण संपलो.”

माझ्याकडे तापमान बघायची लांब सळई होती. मी ती ढिगाऱ्यात खुपसली. कडेच्या बाजूनं, जिथं ढीग माझ्या गुडघ्याएवढाच होता. एक्केचाळीस दाखवलं. एप्रिलमधली उन्हात पडलेली कुठलीही वस्तू एक्केचाळीस दाखवते. मधल्या भागात, पुरुषभर उंचीच्या जागी, मी सळई घातली नाही.

“एक्केचाळीस,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “चालेल. भरा.”

बाया कामाला लागल्या. यमुनाताईनं सगळ्यांत पहिलं टोपलं उचललं.

यमुना कुमरे तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर असेल. काटक, कमी बोलणारी. गावातल्या बाया तिचं ऐकायच्या. नव्या गावांत भट्ट्या सुरू झाल्या की तिला तिथली मुकादम करायचं माझं ठरलं होतं, आणि तसं मी तिला सांगितलंही होतं. तिला एक शाळकरी पोरगी होती. तिचा नवरा देवराव आमच्याकडेच गोदामाचं काम बघायचा. उंच, थोडा पोक काढून चालणारा, बाजारातून घेतलेला पोस्टमनचा जुना खाकी शर्ट घालणारा. बाकीचे मला मॅडम म्हणायचे, तो ‘बाई’ म्हणायचा. कुणी पाहुणा आला आणि इथं काय चालतं असं विचारलं, की तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, “आमी धूर पुरतो.”

साडेसहापर्यंत सगळा माल आत गेला. वारा सुटला होता. पहिले थेंब पडले तसं मी मागचं शटर बंद करायला लावलं आणि त्याला आतून पोती लावून घेतली, कारण त्या बाजूनं पाणी शिरायचं. पत्र्याखालच्या हवेच्या फटींवर ताडपत्री ओढली. पुढचं शटर देवरावनं ओढलं.

“उद्या साहेब यायच्या आधी ढिगाऱ्याच्या मधून चालायला वाट करून ठेवा,” मी यमुनाताईला सांगितलं. “त्याला मागपर्यंत जाऊन नमुने घ्यायचे असतात.”

“हाव,” ती म्हणाली.

मग मी ऑफिसच्या खोलीत जाऊन वहीत तारीख घातली. माल उघड्यावर पसरला, रविवार. गोदामात घेतला, बुधवार. तीन दिवस.

सकाळी आभाळ मोकळं होतं. पाऊस फार झालाच नव्हता, जमीन जेमतेम भिजली होती. मी नऊपासून कागद लावत बसले होते. सव्वादहाच्या सुमारास बाहेर शटर वर गेल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काही नाही. आणि मग कुणीतरी देवरावला हाक मारली. साधी हाक. दुसऱ्यांदा मारली तेव्हा त्या आवाजात काहीतरी वेगळं होतं आणि मी उठले.

गोदामाच्या तोंडाशी आमचा ट्रॅक्टरवाला इस्माईल उभा होता. आत बघत होता. शटर अर्धं वर होतं. आत दहा-बारा पावलांवर देवराव पालथा पडला होता. फावडं त्याच्या हाताखाली होतं. आत धूर नव्हता, वास नव्हता. उन्हाचा एक पट्टा कोळशावरून त्याच्या पायांपर्यंत गेला होता. भोवळ येऊन पडला असेल असं कुणालाही वाटलं असतं.

इस्माईल आत वाकला. मी त्याला कॉलर धरून मागे ओढलं.

“आत कुणी जायचं नाही. आत हवा नाहीये.”

“हवा नाई म्हन्जे?”

“मरशील. मागचं शटर उघड. पत्रा फोड. ट्रॅक्टर लाव.”

तो धावला. आणि तेवढ्यात यमुनाताई विहिरीकडून आली. तिच्या डोक्यावर पाण्याचा हंडा होता. तिनं आत बघितलं, हंडा सोडला आणि सरळ आत निघाली.

मी तिला कमरेला मागून मिठी मारली. ती माझ्यापेक्षा कितीतरी दणकट होती. आम्ही दोघी खाली पडलो. ती मला ओढत ओढत शटरपर्यंत घेऊन गेली. मी पाय लोखंडी चौकटीला अडकवला आणि तिला सोडलं नाही. ती ओरडत नव्हती. दात आवळून, घशातल्या घशात म्हणत होती, “सोडा मले. सोडा. थो पडला हाय नुसता.” मग ती माझ्या हाताला चावली. दोन बाया आल्या आणि त्यांनी तिचे पाय धरले. त्या बायाही रडत होत्या.

मागच्या शटरला पोती लावलेली होती म्हणून ते उचलेना. इस्माईलनं ट्रॅक्टरला साखळी लावून कडेचा पत्रा उपटला. मग वाऱ्याची झुळूक आरपार येईपर्यंत मी कुणाला आत जाऊ दिलं नाही. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील. त्या वीस मिनिटांत देवराव आमच्या डोळ्यांसमोर, हाकेच्या अंतरावर पडून होता.

त्याला बाहेर आणून उताणं केलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कोळशाची भुकटी होती. यमुनाताईनं पदरानं ती पुसली. खाली गाल लालसर होते, ओठ लालसर होते. उन्हातून चालून आलेल्या माणसासारखे. तिनं वर माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता.

“पाहा ना,” ती म्हणाली. “याचा रंग पाहा. हाय तो.”

तो वायू रक्तात गेला की चेहरा असाच लाल होतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं. तिला ते सांगितलं नाही. आम्ही त्याला ट्रॉलीत घातलं. ग्रामीण रुग्णालयापर्यंतचा अर्धा तास ती त्याच्या गालावर हात ठेवून बसली होती आणि अधूनमधून मला सांगत होती की अंग अजून गरम आहे.

निनाद सर दुपारी पोचले. तपासनिसाला घ्यायला ते सकाळीच नागपूरला आले होते, रस्त्यात त्यांना कळलं तसं त्याला एका हॉटेलवर उतरवून ते एकटेच आले. रुग्णालयाच्या मागे चिंचेखाली एक सिमेंटचा बाक होता. तिथं ते माझ्याशेजारी बसले आणि डोकं हातांत धरून रडले. नाटक नव्हतं ते. मग त्यांनी चष्मा पुसला.

“माल किती दिवसांचा होता?” त्यांनी विचारलं.

“एका दिवसाचा.”

“वहीत काय आहे?”

“तीन.”

एक कुत्रं येऊन आमच्या पायाशी बसलं आणि निघून गेलं.

“हे असं बाहेर गेलं तर इथला सगळा माल रद्द होईल,” ते म्हणाले. “नुसता या वर्षीचा नाही. मागणी जाईल. बावीस गावं जातील. आपल्यासारखे आणखी चार जण हेच काम करतायत देशात, त्यांच्याकडेही लोक संशयानं बघतील. आपण बंद पडलो तर कुणाचं भलं होणार आहे? त्या बाईचं?”

“नाही.”

“तिचं आयुष्यभराचं बघू आपण. मी शब्द देतो. मुकादम करू, पोरीचं शिक्षण करू. पण ते करायला कंपनी राहिली पाहिजे.”

त्यांनी मला खोटं लिही असं सांगितलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे किती तरी वर्षं मी स्वतःला उलट सांगत आले. पोलीस ठाण्यात जबाब द्यायला मी एकटी गेले. समोरच्या जमादारानं विचारलं, “तो आत कशाला गेला होता?” आणि मी म्हणाले, “माहीत नाही. परवानगीशिवाय गेला.” त्यानं ते लिहून घेतलं. कंपनीसाठीचा अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला. तीन ओळींचा. ‘कामगार परवानगीशिवाय बंद गोदामात शिरला. गुदमरून मृत्यू. सुरक्षा नियम भिंतीवर लावलेले होते.’ एकही शब्द खोडावा लागला नाही.

तपासनीस शनिवारी आला. राघवन नावाचे, चेन्नईचे, पांढऱ्या मिशांचे शांत गृहस्थ होते. गोदामाशी ते चपला काढून मिनिटभर उभे राहिले. मग त्यांनी वही बघितली, तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत इंग्रजीत विचारलं की हे बरोबर आहे का.

“हो,” मी म्हणाले.

“त्यांची पत्नी इथंच काम करते ना? तिच्याशी बोलता येईल?”

“ती सुतकात आहे,” निनाद सर म्हणाले.

राघवननी मान हलवली. सुतकातल्या बाईला त्रास देणारे ते नव्हते. त्यांनी सही केली.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. बावीस गावं झाली, मग साठ झाली, मग दुसऱ्या राज्यांत गेलो. पऱ्हाट्यांबरोबर तुरीचे खुंट आले, भाताचा कोंडा आला. बायांचे गट झाले, त्यांतल्या कितीतरी जणींनी पक्की घरं बांधली. शेतात कोळसा पुरलेल्या जमिनी खरोखर सुधारल्या, दुष्काळाच्या वर्षी त्यांत ओल टिकली. मी कामाची मुख्य झाले. परदेशात सभांना जायचे आणि हिवरधऱ्याचे फोटो दाखवायचे. यमुनाताईला मुकादम केलं, तिच्या पोरीला नर्सिंगला घातलं. निनाद सरांनी शब्द पाळला. मी हिवरधऱ्याला जाणं मात्र टाळत राहिले. गेलेच तर तासाभरात निघायचे. यमुनाताई भेटली की गावातल्या लोकांना सांगायची, “या मॅडमनं मले धरून ठेवलं, नाई तं मी बी गेली असती.” लोक माझ्याकडे आदरानं बघायचे. तो आदर घेऊन मी गाडीत बसायचे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका दूरच्या प्रकल्पात दोन बाया गोदामात बेशुद्ध पडल्या. वाचल्या. त्यानंतर कंपनीनं सुरक्षेसाठी एक अधिकारी नेमली, अर्शिया शेख नावाची. तिनं मागचे सगळे अहवाल काढले आणि एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“गौतमीताई, हिवरधऱ्याचा अहवाल तीनच ओळींचा आहे,” ती म्हणाली. “तो माणूस आत का गेला होता?”

“का?”

“कारण वहीप्रमाणे तीन दिवस झाले होते. तीन दिवसांच्या मालानं माणूस मरत असेल तर आपला नियमच चुकीचा आहे. मग मला सगळ्या ठिकाणचा नियम बदलावा लागेल. आणि तीन दिवस झालेले नसतील, तर मला दुसरंच काहीतरी बदलावं लागेल.”

मी तिला म्हणाले, “मी विचारून सांगते.” कुणाला विचारणार ते तिनं विचारलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी हिवरधऱ्याला गेले. यमुनाताईचे केस पांढरे झाले होते. दुपारची सुट्टी होती, बाया झाडाखाली जेवत होत्या. ती मला पलीकडे शेडमध्ये घेऊन गेली, पोतं झटकून बसायला दिलं, कोरा चहा आणला. मी चहा खाली ठेवला.

“यमुनाताई, मला एक सांगायचंय. तो माल तीन दिवसांचा नव्हता. एका दिवसाचा होता. वहीत मी खोटं लिहिलं.”

ती पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत होती.

“मले काय सांगता,” ती म्हणाली. “माल म्याच भरला. टोपल्याखालून डोक्याले चटका लागत होता. सगळ्या बायांले माहीत होतं.”

“सळई मी कडेला घातली होती.”

“पाह्यलं मी.”

“मग बोलला का नाहीत? तेव्हा नाही, नंतर तरी? अकरा वर्षांत?”

“कोनाले बोलू? पोलिसानं तुमाले इचारलं. साहेबानं तुमाले इचारलं. तो मदराशी साहेब आला, त्यानं तुमाले इचारलं. मले कोनी इचारलंच नाई.”

हे ती रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती ऊन-पाऊस सांगावा तसं सांगत होती. माझ्या चहावर साय धरावी तशी धूळ बसली.

“मी लिहिलं की तो परवानगीशिवाय गेला,” मी म्हणाले. “वाट करायला तर मीच सांगितलं होतं.”

“तुमी मले सांगतलं होतं,” ती म्हणाली. “त्याले मी सांगतलं.”

मी तिच्याकडे बघितलं.

“थो नाई म्हने,” ती सांगू लागली. “आदल्या दिशी शटर ओढलं तवापासून त्याचं डोकं ठणकत होतं. सकाळी च्या घेताना म्हने, आज आत जात नाई, शटर उघडून ठेवतो, दुपारलोक वारा लागू दे. मी म्हनलं, दुपारी साहेब येते. मॅडमनं मले मुकादम करतो म्हनलं हाय आन् तुमी माह्यं नाव खराब करता. मॅडम शिकलेल्या हायत, मशीन लावून पाह्यलं हाय त्यायनं. तुमाले जास्त समजते काय?” ती थांबली. “असं म्हनलं म्या. मशीन कुठं लावली थे पाह्यलं होतं, तरी म्हनलं. त्यानं कप ठेवला आन् फावडं घेतलं. मी पान्याले गेली.”

“यमुनाताई.”

“मंग पोलीस घरी आला. त्यानं तुमी सांगतलेलं वाचून दाखवलं. परवानगीशिवाय गेला.” तिनं पदर तोंडाशी धरला, पण रडली नाही. “मॅडम, खरं सांगू? मले बरं वाटलं होतं. त्याले पाठवलं कोनी, हे मंग कोनाले सांगाच लागलं नाई. पोरीले बी नाई.”

पलीकडे बाया डबे धुवायला उठल्या होत्या. कुणीतरी हसलं. जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि तिला कामावर उभं राहायचं होतं, मुकादम होती ती.

मी पिशवीतून वही काढली. पेन काढलं. वही मांडीवर उघडली.

“हे मला पुन्हा लिहायचंय,” मी म्हणाले. “सगळं. मी काय केलं ते. तुमचं नाव त्यात नको असेल तर घालणार नाही.”

“पोरगी वाचन काय?”

“वाचेल. सगळे वाचतील.”

ती बाहेर बघत बसली. मला वाटलं ती उठून जाईल, आणि गेली असती तर मी तिला अडवलं नसतं.

“माह्यं नाव घाला,” ती शेवटी म्हणाली. “पन पैले त्याचं लिहा. थो काय म्हने थे लिहा.”

मी लिहिलं.

“वाचून दाखवा.”

मी वाचलं. “देवराव कुमरे आत जायला नको म्हणत होते.”

“हाव,” ती म्हणाली. “आता पुढं लिहा.”